बाहत्तर तासांचं घड्याळ

“उडी किती वाजता मारली?”

फोनवर डॉक्टर मॅडमचा हा तिसरा प्रश्न. पहिले दोन मला अपेक्षित होते: अंगावरून रक्त जातंय का, पोट दगडासारखं लागतंय का. दोन्हींना मी नाही म्हणाले. पण वेळ? घरात धिंगाणा चालू असताना घड्याळाकडे कोण बघतं! “मी चहाचं आधण ठेवलं होतं, म्हणजे साडेचार,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या आणि तीच वेळ माझ्या फाइलवर गेली. रविवार, दुपारी ४.३०.

झालं होतं एवढंच. मला बाविसावा आठवडा. थोरले चिरंजीव पावणेदोन वर्षांचे, वजन अकरा किलो. झोपेचे तास सोडले तर बाकी वेळ चढणं, सांडणं आणि पळणं. मी दिवाणावर जरा पाठ टेकली होती. तो खिडकीच्या कट्ट्यावर चढला, “आई, बघ” म्हणाला आणि मी बघेपर्यंत दोन्ही गुडघ्यांवर थेट माझ्या पोटावर उतरला.

दुसऱ्या कुणाला मॅडमनी तपासून, सोनोग्राफी करून, बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवलं असतं. माझ्या फाइलवर मात्र पहिल्या भेटीपासून लाल शाईत ‘ओ निगेटिव्ह’ लिहिलेलं. त्यामुळे तपासणी झाल्यावर त्यांनी अँटी-डी नावाच्या इंजेक्शनची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, “बुधवारी साडेचारच्या आत द्यायचं. जितकं लवकर तितकं बरं, पण बाहत्तर तास आहेत आपल्याकडे. घाबरू नका.”

हे बाहत्तर तास कुणी मोजून ठेवले? सत्तर का नाहीत, शंभर का नाहीत? पुढे या प्रश्नाचा माग काढत गेले, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या एका तुरुंगाच्या फाटकाशी पोचले. पण तिथे जाण्याआधी थोडं रक्ताबद्दल सांगायला हवं.

तांबड्या पेशीच्या अंगावर तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्या असतात. त्यातल्या काहींवरून ए, बी, एबी, ओ ठरतं. ‘डी’ नावाचं एक वेगळं प्रथिन असतं. ते असलं की माणूस पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. एवढाच अर्थ. निगेटिव्ह या शब्दाला उगीचच वाईट वास येतो. प्रत्यक्षात अशा माणसाला स्वतःला काडीचाही त्रास होत नाही. रक्त घ्यायची, द्यायची किंवा बाळंतपणाची वेळ आली तरच त्याची आठवण होते. आपल्याकडे शंभरातले साधारण पाच जण असे. युरोपीय वंशाच्या लोकांत पंधराच्या आसपास. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत तर जवळजवळ एक तृतीयांश. चीनमध्ये शंभरात एकही भरत नाही. आपल्या बहुतेकांच्या पहिल्या गुणसूत्रावर या प्रथिनाचं जनुक असतं. निगेटिव्ह माणसात ते बहुतेक वेळा अख्खंच गायब असतं. एका पालकाकडून आलं तरी पुरतं, म्हणून निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह बाबा यांची मुलं पुष्कळदा पॉझिटिव्ह निघतात. आमचे चिरंजीव बी पॉझिटिव्ह, बाबांवर गेलेले.

आता आई निगेटिव्ह, पोटातलं बाळ पॉझिटिव्ह. दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार असते. वारेतून प्राणवायू जातो, साखर जाते, पाणी जातं, पेशी सहसा जात नाहीत. बाळंतपणात मात्र वार सुटते, त्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या शिरांमध्ये शिरतं. बहुतेकींच्या बाबतीत ते अगदी थोडं असतं, चमच्याच्याही आतलं. पण आईची प्रतिकारशक्ती मोजमाप बघत नाही. डी प्रथिन तिनं जन्मात पाहिलेलं नसतं. तिच्या लेखी हा परका. ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बनवायला घेते.

हे काम सावकाश चालतं, काही आठवडे लागतात. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं, बारशाचे लाडू खाऊन झालेले. म्हणून पहिलं सहसा सुखरूप सुटतं. शिवाय सुरुवातीला बनणारी प्रतिपिंडं आकारानं मोठी, वारेतून पलीकडे न जाणारी. पण प्रतिकारशक्ती विसरत नाही. दुसऱ्या खेपेस पॉझिटिव्ह बाळाच्या दोन-चार पेशी जरी इकडे आल्या, तरी ती जुनी ओळख काढून भराभर प्रतिपिंडं बनवते, आणि ही लहान जातीची असतात. त्यांना वार अडवत नाही. उलट ती त्यांना हाताला धरून पलीकडे नेते.

वारेचा यात काही दोष नाही. गरोदरपणी आपल्याकडे धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते याच वाटेच्या भरवशावर. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाकडे जातं आणि पहिले काही महिने त्याला पुरतं. गोवराचं तसंच. ही शिदोरी बांधून देणारी वाट आहे. डी-विरोधी प्रतिपिंड त्याच शिदोरीत बांधलं जातं, इतकंच.

पलीकडे गेल्यावर ते बाळाच्या तांबड्या पेशींना चिकटतं आणि त्या पेशी बाळाच्या प्लीहेत मोडल्या जातात. रक्त कमी पडतं. मग अस्थिमज्जा, यकृत, प्लीहा सगळे मिळून अर्धवट पिकलेल्या पेशीही रक्तात ढकलायला लागतात. तरी भागलं नाही तर हृदय थकतं, अंगात पाणी साठतं, बाळ सुजतं. मोडलेल्या पेशींतून पिवळं बिलीरुबिन सुटतं. पोटात असेतो ते वारेतून आईकडे जातं आणि आईचं यकृत त्याची विल्हेवाट लावतं. नाळ कापली की ती सोय संपते. बाळाचं स्वतःचं यकृत अजून कच्चं. बिलीरुबिन वाढत जातं आणि फार वाढलं तर मेंदूत उतरतं. नवजात बाळांना होणारी कावीळ बहुतेक वेळा साधी असते, पण ही ती नव्हे. पहिल्या चोवीस तासांतच दिसणाऱ्या काविळीला डॉक्टर घाबरतात ते याचसाठी.

जुन्या सुइणींनी हे पाहिलेलं होतं. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईज बूर्ज्वा हिनं १६०९ साली एका जुळ्याची हकिगत लिहून ठेवली आहे: एक बाळ सुजलेलं जन्मलं आणि लगेच गेलं, दुसरं पिवळं पडून गेलं. कारण कळायला आणखी सव्वातीनशे वर्षं लागली. न्यूयॉर्कमध्ये एका बाईला मृत मूल झालं, रक्त फार गेलं, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. रक्तगट जुळत होता, तरी तिला जोराची रिॲक्शन आली. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी तिच्या रक्तातला द्रव घेऊन इतरांच्या रक्ताशी ताडून पाहिला. गट जुळत असलेल्या दर पाचांपैकी सुमारे चार जणांच्या पेशींची त्यानं गुठळी केली. बाळानं बापाकडून घेतलेलं काहीतरी आईला परकं वाटलं असावं, असा तर्क त्यांनी १९३९ साली छापला. तर्क अचूक होता. पण त्या ‘काहीतरी’ला त्यांनी नाव दिलं नाही.

नाव न देण्याची किंमत मोठी असते. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी माकडाच्या तांबड्या पेशी सशांना टोचून एक द्रव मिळवला. त्यानं न्यूयॉर्कच्या शंभरातल्या पंच्याऐंशी गोऱ्या लोकांच्या पेशींची गुठळी केली. उत्तर भारतात देवळांभोवती प्रसाद हिसकावून नेणारं जे लालतोंडं माकड दिसतं, तेच हे ऱ्हीसस माकड. म्हणून ‘आरएच’. गंमत म्हणजे सशाच्या द्रवातलं प्रतिपिंड आणि त्या बाईच्या रक्तातलं प्रतिपिंड एक नव्हेच, हे पुढे सिद्ध झालं. पण तोवर नाव रुळलं होतं. माझ्या फाइलवर लाल शाईत एका माकडाचं नाव आहे आणि त्याचा माझ्याशी संबंध नाही, ही गोष्ट मला नवऱ्याला सांगायला फार आवडते.

उपचार आधी आले, प्रतिबंध नंतर. १९४० च्या दशकात जन्मलेल्या बाळाचं जवळजवळ सगळं रक्त हळूहळू काढून त्या जागी नवं भरायची पद्धत निघाली. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात एका नर्सबाईंच्या लक्षात आलं, की उन्हात फिरवून आणलेल्या बाळाचा पिवळेपणा उघड्या अंगावर कमी होतो आणि झाकलेल्या जागी तसाच राहतो. आज बाळाला ‘पेटीत ठेवलंय’, ‘निळ्या दिव्याखाली ठेवलंय’ असं आपण म्हणतो, त्याचा उगम तिथे आहे. १९६३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या विल्यम लायली यांनी त्याही पुढची उडी घेतली: बाळ पोटात असतानाच सुई घालून त्याला रक्त दिलं. आज ते सोनोग्राफीवर बघत नाळेच्या शिरेतून देतात; बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग डॉपलरनं मोजून रक्त किती पातळ झालंय याचा अंदाज सुई न टोचता येतो. प्रतिपिंडं आधीच तयार झालेल्या बाईला आता हाच मार्ग उरतो. अँटी-डी तिच्या कामाचं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इंजेक्शन हे औषध आहे असा समज फार आहे. ते औषध नाही. आठवण तयार होऊच नये म्हणून आधीच केलेली तजवीज आहे.

ही तजवीज सुचली कशी, हा भाग मला सगळ्यात आवडतो. लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क हे पेशानं डॉक्टर, छंदानं फुलपाखरं पाळणारे. फुलपाखरांच्या पंखांवरच्या नक्षीची आनुवंशिकता शोधता शोधता ते माणसाच्या रक्तगटांकडे वळले. एक जुनं निरीक्षण त्यांच्यासमोर होतं, आणि ते लेव्हिनचंच होतं: आई-बाळाचे ए-बी-ओ गट जुळत नसले, तर आरएचचा त्रास कमी होतो. आईचा गट ओ आणि बाळाचा बी असेल तर आईच्या अंगात बी-विरोधी प्रतिपिंडं जन्मापासूनची तयार असतात. बाळाच्या चुकार पेशी आल्या रे आल्या की ती त्यांचा फडशा पाडतात. डी प्रथिनाची ओळख पटायला वेळच मिळत नाही. गट जुळत असताना, काहीच प्रतिबंध केला नाही, तर पहिल्या पॉझिटिव्ह बाळानंतर शंभरातल्या सुमारे सोळा निगेटिव्ह आयांमध्ये प्रतिपिंडं बनतात; न जुळणाऱ्या गटांत दोनच्या आसपास. म्हणजे मी ओ आणि चिरंजीव बी, हे निसर्गानं मला दिलेलं जादा कवच होतं.

मग जे निसर्ग काही जणींत करतो ते सुई का करू शकणार नाही? क्लार्क यांचे तरुण सहकारी रोनाल्ड फिन यांनी १९६० साली तसं सुचवलं. बाळंतपणानंतर आईला तयार डी-विरोधी प्रतिपिंडंच टोचायची. तीच, ज्यांच्यापासून तिला वाचवायचं! क्लार्क सांगत, की त्यांच्या पत्नी फेओ यांनी एकदा मध्यरात्री त्यांना उठवून हाच उपाय सांगितला आणि झोपमोड झालेल्या क्लार्क यांनी चिडून म्हटलं, की जे होऊ नये म्हणून धडपडतोय तेच काय द्यायचं? सकाळी त्यांना ते पटलेलं होतं.

बाहेरून टोचलेली प्रतिपिंडं उसनी असतात. ती बाळाच्या पेशी गोळा करून संपवतात आणि काही आठवड्यांत स्वतःही विरून जातात. आईच्या अंगानं स्वतः काहीच शिकलेलं नसतं. हे नेमकं कसं घडतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. पेशी लवकर उचलल्या जातात, हे सगळं कारण नव्हे. साठ वर्षं रोज वापरात असलेल्या उपायाची खोच अजून उलगडायची आहे.

अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक यांनी स्वतंत्रपणे हाच विचार केला होता. आधी माणसांवर तपासायला हवं. पण ज्या बाईला पुढे मूल हवंय तिच्या अंगात जाणूनबुजून पॉझिटिव्ह रक्त सोडणं शक्य नव्हतं. पुरुष चालले असते. ते मिळाले सिंग सिंग तुरुंगात. निगेटिव्ह गटाच्या कैद्यांना पॉझिटिव्ह पेशी टोचायच्या, मग काहींना प्रतिपिंड द्यायचं, काहींना नाही. आजच्या नीतिनियमांत असे प्रयोग बसणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. कैद्याच्या ‘हो’ला किती मोकळीक असते?

तुरुंगात डॉक्टरांना वाटेल तेव्हा जाता येत नसे. पेशी टोचल्यावर बाहत्तर तासांनी प्रतिपिंड दिलं तर चालतं का, एवढंच त्यांनी पाहिलं. चाललं. पुढे बाळंतिणींवर चाचण्या झाल्या तेव्हा हीच मुदत पुढे चालू राहिली आणि मग जगभर नियम झाला. चौथ्या दिवशी काय होतं हे कुणी त्या वेळी पाहिलंच नव्हतं. म्हणजे आपल्या शरीरात कुठलंही घड्याळ बाहत्तरावर थांबत नाही. तो एका तुरुंगाच्या सोयीचा आकडा आहे. म्हणूनच मुदत चुकली तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. दहा दिवसांपर्यंत, काही डॉक्टरी संस्थांच्या मते अठ्ठावीस दिवसांपर्यंतही, उशिरा का होईना द्यावं असं सांगतात. गावाकडून चौथ्या-पाचव्या दिवशी आलेल्या बाळंतिणीला परत पाठवलं असेल, तर ते चूक आहे.

गॉर्मन यांनी जानेवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला आपल्या भावजयीसाठी हे इंजेक्शन धाडलं, परवाना मिळायच्या चार वर्षं आधी. अमेरिकेत परवाना मिळाला १९६८ साली. त्यानंतर कॅनडात विनिपेगच्या जॉन बोमन यांनी दाखवलं, की बाळंतपणानंतरच्या इंजेक्शनानंही शंभरातल्या जवळजवळ दोघी निसटतात, कारण काहींच्या बाबतीत रक्त शेवटच्या तीन महिन्यांतच इकडे आलेलं असतं. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणखी एक. त्यानं हे प्रमाण हजारात दोन-तीनवर येतं. आपल्याकडेही बहुतेक डॉक्टर ३०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर एक बाळंतपणानंतर देतात. ३०० मायक्रोग्रॅम बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरतं. बाविसाव्या आठवड्यात बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त पाव कपाच्या आसपास असतं, तेव्हा त्यातलं कितीसं सांडणार! तरी मॅडमनी आधी माझं रक्त घेतलं. एक नमुना आयसीटीसाठी, म्हणजे माझ्या अंगात प्रतिपिंडं आधीच आहेत का ते बघायला. हा इंजेक्शनच्या आधीच घ्यावा लागतो. नंतर घेतला तर टोचलेलंच प्रतिपिंड सापडतं आणि घरात विनाकारण रडारड होते.

आयसीटी निगेटिव्ह आली. चिठ्ठी घेऊन नवरा औषधाच्या दुकानांत फिरला. रविवारची रात्र, तालुक्याचं गाव. दोन दुकानं बंद, तिसरा म्हणाला, “फ्रिजमधलं इंजेक्शन आहे दादा, ठेवत नाही. उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याहून मागवतो.” सोमवारी संध्याकाळी बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळलेलं एक छोटं खोकं आलं. दोन ते आठ अंशांत ठेवायचं. किंमत काही हजारांत.

किंमत का, हे कळलं तेव्हा तक्रार करावीशी वाटेना. हे बराच काळ फक्त माणसांच्या रक्तातूनच निघत आलंय. ज्यांच्या अंगात ही प्रतिपिंडं भरपूर आहेत अशा दात्यांच्या प्लाझ्मामधून ते गाळून काढतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन त्यातले सगळ्यात प्रसिद्ध. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना इतरांचं पुष्कळ रक्त लागलं. वय झाल्यावर आपणही देऊ असं त्यांनी ठरवलं आणि १९५४ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत, १,१७३ वेळा दिलं. त्यांच्या स्वतःच्या लेकीलाही हे इंजेक्शन लागलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. आता प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेलं अँटी-डीही आपल्याकडे मिळतं, त्याला दाता लागत नाही. माणसाच्या रक्तातून येणाऱ्या वस्तूला तिची जोखीमही असते: आयर्लंडमध्ये १९७७ च्या सुमारास दूषित अँटी-डीमुळे शेकडो बायकांना हेपॅटायटिस सी झाला आणि ते उघडकीला आलं १९९४ साली. आज प्लाझ्मा तपासून, विषाणू मारून मगच बाटली भरतात. तरी बाटलीवरच्या बॅच नंबराला अर्थ आहे, तो जपून ठेवावा.

सोमवारी रात्री दंडात इंजेक्शन बसलं. अठ्ठावीस तास झाले होते. मॅडमना मी एक यादी करून नेली होती, रोजच्या लाथांची. पाळण्यात झोपवताना लागलेली, आंघोळ घालताना लागलेली, टॉवेलमध्ये गुंडाळताना लागलेली. त्या हसल्या. रोजच्या बारीकसारीक लाथा कळवायच्या नाहीत, म्हणाल्या. गर्भाशयाची भिंत जाड असते, आत पाण्याची गादी असते. पडणं, गाडीला धक्का, पोटावर थेट जोराचा मार, अंगावरून जाणं, हे कळवायचं. आणि त्याला कडेवर घेतल्यानं रक्तगटाला काही होत नाही. कंबरेला होतं, ते वेगळं.

ही शंका माझी एकटीची नव्हती. शेजारच्या मावशींनी हळूच विचारलं होतं, की थोरल्याला खरचटलं तर त्याचं रक्त तुझ्या हाताला लागलं तर चालतं का. चालतं. शाबूत कातडीतून पेशी आत जात नाहीत. त्याच्या पेशी माझ्या अंगात शिरल्या त्या त्याच्या जन्माच्या वेळी, आणि खरं तर त्याच्या काही मूळ पेशी अजूनही माझ्यात असतील. डायना बियांकी यांनी १९९६ साली मुलग्यांच्या आयांच्या रक्तात मुलाच्या पेशी शोधल्या. एकीत सत्तावीस वर्षांनीही सापडल्या. चिरंजीव माझ्या अंगावर सतत चढत असतो याचं मला त्यानंतर नवल वाटेनासं झालं. आतूनही तो तिथेच आहे.

गैरसमजांचं खरं कोठार लग्नाच्या बायोडाट्यात आहे. उंची, गोत्र, नाडी, आणि त्याखाली रक्तगट. ‘एकनाड म्हणजे रक्तगट सारखा, म्हणून मुलं होत नाहीत किंवा टिकत नाहीत,’ असं शास्त्राच्या आवाजात सांगणारे मला तीन जण भेटले आहेत, त्यातले एक इंजिनिअर. आरएचची अडचण सारखेपणातून येत नाही, फरकातून येते. दोघंही निगेटिव्ह असतील तर बाळ निगेटिव्हच होणार आणि अँटी-डीची गरजच पडणार नाही. आणि फरक असला तरी त्याच्यावर दोन इंजेक्शनांचा उपाय आहे. स्थळ नाकारायला हे कारण पुरत नाही. मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे यांनी १९५२ साली सहकाऱ्यांसह जो फार दुर्मीळ ‘मुंबई रक्तगट’ शोधला, त्याचाही निगेटिव्हशी संबंध नाही. लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि मला ‘तुझा तो बॉम्बे वाला का?’ म्हणून विचारतात.

यापेक्षा गंभीर चूक वेगळीच आहे, आणि ती बोलली जात नाही म्हणून होते. गर्भ पडला, पाडला, नळीत राहिला, तरी पेशी इकडे येऊ शकतात. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी गुपचूप मोकळी झालेली मुलगी स्वतःचा रक्तगट कुणाला सांगणार, आणि कोण तिला अँटी-डीचं विचारणार? अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत धोका फार कमी, बारा आठवड्यांच्या आत इंजेक्शन नको असंही आता काही देशांत म्हणतात. पण दिवस नक्की कुणी मोजलेत? पुढे ती लग्न होऊन ‘पहिलटकरीण’ म्हणून येते, तिची आयसीटी पॉझिटिव्ह निघते आणि सासरची मंडळी कोड्यात पडतात. खोलीत ती एकटी असताना विचारलं तरच खरं कळतं. हे चांगल्या नर्सबाईंना पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

अठ्ठाविसाव्या आठवड्याचं इंजेक्शन वेगळं घ्यावं लागलंच. मधलं झालं म्हणून ते चुकत नाही. बाळंतपणाचं मात्र आम्ही आधीच मागवून ठेवलं, रविवारची रात्र पुन्हा नको म्हणून. सासूबाईंनी खोकं फ्रिजच्या वरच्या कप्प्यात लोणच्याच्या बरणीमागे लपवलं, कारण खालचे दोन कप्पे चिरंजीवांच्या ताब्यात होते. दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून तो वर पोचला. मग खोकं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये गेलं.

मुलगी झाली पहाटे तीनला. नाळेतलं रक्त लगेच तपासायला गेलं. गट आणि कूम्ब्स, म्हणजे बाळाच्या पेशींना प्रतिपिंडं चिकटली आहेत का ते, दोन्ही. सकाळी रिपोर्ट आला: ओ पॉझिटिव्ह, कूम्ब्स निगेटिव्ह. या खेपेस निसर्गाचं कवच नव्हतं, आम्हा दोघींचा गट ओच. शेजारच्या काकांनी थर्मासमध्ये बर्फ घालून खोकं आणलं आणि अकराच्या आत ते माझ्या दंडात होतं. दुसऱ्या दिवशी मुलीला किंचित पिवळेपणा आला, तोही चोवीस तास उलटल्यावर. दिव्याखाली ठेवावं लागलं नाही.

कार्डावर नर्सबाईंनी बाटलीवरची लेबलं सोलून चिकटवली आहेत, या खेपेची तीन. म्हणजे होती तीन. मधलं चिरंजीवांनी नखानं सोडवून फ्रिजच्या दारावर, त्याच्या उंचीला येईल तिथे, नेऊन लावलं. ते अजून तिथेच आहे: बॅच नंबर, मुदत, दोन ते आठ अंश.